अकरा काठ्या

बोत्सफ्योर्डच्या घाटात, फाटकाशेजारच्या खोलीतून
बरोबर अकरा काठ्या दिसतात.
बांबूच्या. जिथे बांबू उगवत नाही
तिथे बोटीने आणून रोवलेल्या,
बर्फाखाली रस्ता कुठे आहे ते सांगायला.
नोव्हेंबरअखेर सूर्य गेला तो गेलाच.
उरला तो गाडीच्या दिव्याचा पट्टा, आणि त्यात
एक, एक, एक.

ओड्रुन स्टेन्सेट बर्फ सारायची गाडी चालवते.
वादळ आलं की फाटक पाडते,
मग काम एकच: थांबणं.
डिझेलच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर तिने
काठ्या दिसल्या तशा उतरवल्या:

१ १ १ १ १ १ १ १ १ १ १

आपण वाचू, अकरा अब्ज अकरा कोटी
अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा,
खडीसाखरेसारखा अकरा तोंडात घोळवत.
ती तिच्या भाषेत वाचते, आणि विचारते एवढंच:
ही रांग कुठे तुटते का?

सहाच असते तर सोपं होतं.
सहा जण जोडीने उभे राहतात, तिघातिघांनीही;
तीन, सात, अकरा, तेरा, सदतीस
असे पाच वाटेकरी लगेच पुढे येतात.
अकरांची जोडी लागत नाही, त्रिकूट लागत नाही.
अंकांची बेरीज अकरा, म्हणून तीन नको.
एकाआड एक खोडले तर एक उरतो,
म्हणून खुद्द अकराही नको.

व्हाडसोच्या शाळेत हिल्डबोर्ग बाई म्हणाल्या होत्या,
बाहीवरचा खडू झटकत,
हिला भागणारी मूळ संख्या असलीच
तर ती बावीसच्या पाढ्याच्या एक पाऊल पुढे उभी असेल.
का, ते सांगणार तोच घंटा झाली.

बावीस एके बावीस, वर एक, तेवीस. बाकी दहा.
बावीस दुणे चव्वेचाळीस, वर एक; पंचेचाळीस मूळ नाही, सोडा.
बावीस त्रिक सहासष्ट, वर एक, सदुसष्ट. बाकी अठरा.
बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, वर एक, एकोणनव्वद. बाकी सहा.

आइलु रेनडिअर राखतो. कॉफीपुरता आत आला.
बाकी म्हणजे काय, त्याने विचारलं.
वाटून झाल्यावर राहतं ते.
“म्हणजे कानाला खूण नसलेलं पाडस,” तो म्हणाला.
“कळप वेगळे करताना एखादं राहतंच.
कुणाचंच नाही. आणि सगळे त्याच्याकडेच बघत असतात.”

डिसेंबर गेला. चार पेन्सिली गेल्या.
कितवा भागाकार, ते ती मोजेनाशी झाली.
आणि हळूहळू तिला वाटू लागलं की हिने तुटू नये.
कारण काही नाही.
इतका वारा खाऊन उभं असलेलं काहीतरी
अखंड निघावं, एवढंच.

जानेवारीत, वारा दक्षिणेला वळला त्या रात्री:
बावीस गुणिले नऊशे चौऱ्याऐंशी, वर एक,
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.
वजा करत ती खाली उतरली, पायरी पायरी,
आणि तळाशी काही नव्हतं.
पुन्हा केलं. काही नव्हतं.
वर भागाकार बसला होता, गुमान:
पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.

याचे आणखी तुकडे?
तिने पेन्सिल उचलली, आणि ठेवली.
याला लहान अवयव असता
तर तो मागच्या एखाद्या रात्रीच भेटला असता.
ती सगळी दारं ठोठावून झाली होती.
त्या सगळ्या बाक्या, ती दहा, ती अठरा, ती सहा,
आत्ता कामाला आल्या.

“दोनच?” आइलु म्हणाला.
“दोनच.”
“आणि बाकी?”
“नाही.”
तो बराच वेळ कपात बघत राहिला,
पाडस हरवलेल्या माणसासारखा.

पहाटे, म्हणजे घड्याळातल्या पहाटे, फाटक उचललं.
दिव्यामागे सात गाड्यांची रांग, मासळीचा ट्रक शेवटी.
चौथी काठी मोडली होती.
ती उतरली, थुटूक उपसलं, नवी काठी ठोकली.
एकाच्या जागी एक.
संख्येला पत्ताही लागला नाही.